ग्रीक देवी चारकोलने काढायची तर चेहरा सगळ्यात शेवटी, आधी वजन कुठल्या पायावर ते बघा

अथेना, आर्टेमिस, नाइकी (विजयाची देवी), एखादी म्यूझ (कलांची देवी), अशा देवींची क्लासिकल ढंगाची चित्रं काढणारे बहुतेक जण एकाच जागी फसतात. म्हणजे आधी कळस मग पाया. डोळे सुंदर जमतात, नाक जमतं, केसांच्या लाटांवर दोन संध्याकाळी जातात, आणि मग खाली अंग जोडायला गेलं की देवी हँगरवर टांगलेल्या गाऊनसारखी दिसायला लागते. चूक शेडिंगमध्ये नसते हो, क्रमात असते. खाली जो क्रम दिलाय तो उभ्या, वस्त्र नेसलेल्या एकट्या आकृतीसाठी आहे, टोन्ड पेपरवर काळा चारकोल आणि पांढरा खडू धरून. बसलेल्या किंवा धावणाऱ्या आकृतीलाही क्रम हाच, फक्त मापं बदलतात.

० : कागदाला हात लावायच्या आधी

सामान थोडकंच लागतं. मध्यम राखाडी किंवा मातकट रंगाचा ए-३ टोन्ड पेपर, थोडा दाणेदार, एकदम गुळगुळीत नको. विलो चारकोलच्या (जळालेल्या बारीक फांद्यांचा मऊ कोळसा) दोन-तीन कांड्या, एक चारकोल पेन्सिल, पांढरी खडूची पेन्सिल, नीडेड खोडरबर (कणकेसारखं मळता येणारं), आणि एक ओळंबा. ओळंबा म्हणजे दोऱ्याला बांधलेलं कुठलंही वजन, नट-बोल्ट चालेल. याला लोक हसतात पण अर्धी चित्रं याच्याविना कलंडतात.

पहिला कच्चा आराखडा साध्या शिसपेन्सिलीने काढू नका. ग्राफाइटच्या चकचकीत थरावर चारकोल नीट बसत नाही, घसरतो, मग तुम्ही जोर लावता आणि कागदाचा दाणा मरतो. सुरुवातच विलो चारकोलने करा, तो फुंकरीने आणि कापडाने निघतो.

आता रेफरन्स. इंटरनेटवरची कुणीतरी काढलेली "गॉडेस" बघून काढू नका, त्यात आधीच्या माणसाच्या चुका फुकट मिळतात. मूळ शिल्पांचे फोटो घ्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या आपल्या कलाकृतींचे चांगल्या रिझोल्यूशनचे फोटो मोफत वापरायला खुले केलेत, पॅरिसच्या लूव्हर म्युझियमचा संग्रहही ऑनलाइन बघता येतो. एकाच शिल्पाचे निदान तीन बाजूंचे फोटो जमवा, कारण समोरून जी चुणी नुसती रेघ वाटते ती बाजूने बघितली की किती खोल आहे ते कळतं.

शिकायला सगळ्यात सोपी जागा कुठली विचाराल तर मी डोळे मिटून अथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिराच्या कॅरिअ‍ॅटिड, म्हणजे खांबांच्या जागी उभ्या दगडी बायका, सांगेन. सहा जणी आहेत, त्यातल्या पाच अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममध्ये आणि एक ब्रिटिश म्युझियममध्ये. डोक्यावर छत पेलून उभ्या असल्यामुळे त्यांच्या उभं राहण्यात काही लपवाछपवी नाही, वजनाचा पाय कुठला आणि मोकळा कुठला हे कपड्यावरूनच वाचता येतं. नाइकी ऑफ सॅमोथ्रेस, लूव्हरमधली पंखवाली मूर्ती, पहिल्याच चित्राला घेऊ नका, ती सगळ्यांना आवडते म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात आणि वाऱ्याने उडणाऱ्या कापडात हरवतात.

> सावध: फोटोत फ्लॅश किंवा चहूबाजूंनी लाइट असेल तर तो फोटो सोडून द्या, कितीही सुंदर असो. एकाच बाजूने, साधारण ४५ अंशातून वरून येणारा प्रकाश हवा. सपाट प्रकाशात चुण्यांचे खोलगट भाग दिसतच नाहीत आणि मग माणूस अंदाजपंचे रेघा ओढत बसतो.

१ : कोण आहे, आणि दगड आहे की माणूस

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी ठरवून कागदाच्या मागे लिहून टाका.

पहिली, ही कोण? कारण त्यावरून कपडे ठरतात आणि कपड्यांवरून पुढचं सगळं. अथेना नेसते पेप्लॉस, म्हणजे खांद्यांवर पिनांनी अडकवलेलं जाड लोकरी वस्त्र, चुण्या कमी पण भारदस्त. अ‍ॅफ्रोडाइटीला बहुतेकदा पातळ खिटॉन (हलक्या कापडाचा सैल झगा) किंवा फक्त कमरेखाली गुंडाळलेलं वस्त्र. आर्टेमिस शिकारीच्या रूपात असेल तर खिटॉन आखूड, गुडघ्याच्या वर, पळायला मोकळं. हेरा आणि डिमिटर भारदस्त, वर हिमॅटिऑन म्हणजे अंगाभोवती लपेटलेली मोठी शाल. कापड न ठरवता काढायला बसलात तर अर्धं लोकरीचं अर्धं रेशमी असं काहीतरी तयार होतं, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं.

दुसरी गोष्ट, तुम्ही संगमरवरी पुतळा काढताय का जिवंत बाई? दोन्ही चालतं. पण डोळ्यात बुबुळ आणि चमक, पापण्यांचे केस, आणि बाकी अंग मात्र दगडी, असं मधलं नको. पुतळा असेल तर बुबुळ नाही, केस म्हणजे कोरलेले गठ्ठे. जिवंत असेल तर केस, त्वचा आणि कापड तिन्हींचा टोन वेगळा ठेवावा लागतो.

२ : उंची आणि खुणा

ए-३ कागद उभा धरला तर ४२ सेंमी मिळतात. वरखाली ३-३ सेंमी सोडून ३६ सेंमीची उभी रेघ हलकी मारा, तिचे आठ भाग करा, प्रत्येक भाग ४.५ सेंमी. हे एक डोकं. वरून पहिल्या खुणेवर हनुवटी, दुसरीवर स्तनाग्रांची पातळी, तिसरीवर साधारण बेंबी, चौथीवर जांघ, म्हणजे आकृतीचा बरोबर मध्य. गुडघे सहाव्या खुणेच्या थोडे वर, तळवे आठवीवर. खरी बाई साडेसात डोक्यांच्या आसपास असते, देवीला आठ दिली की ती आपोआप उंच आणि शांत वाटते. नऊ-दहा डोकी दिली की फॅशन स्केच होतं. तिथे थांबा.

शिरस्त्राणाचा तुरा, पंख, भाला असं काही असेल तर ३६ ऐवजी ३२ सेंमी घ्या, डोकं ४ सेंमीचं. तुरा कागदाबाहेर जायला लागला म्हणून शेवटी डोकं दाबून छोटं करणं हा फार कॉमन प्रकार आहे.

> तपासा: डोक्याच्या वरपासून जांघेपर्यंत आणि जांघेपासून तळव्यापर्यंतचं अंतर सारखं आहे का? पाय जवळजवळ सगळेच आखूड काढतात, कारण पायापर्यंत येईस्तोवर कागद संपत आलेला असतो.

३ : वजनाचा पाय

इथे वेळ घालवा. बाकी कुठे घाई केलीत तरी निभावेल, इथे नाही.

क्लासिकल आकृती दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभी नसते. एक पाय ताठ, त्यावर सगळा भार, दुसरा गुडघ्यात सैल. यालाच काँट्रापोस्टो म्हणतात. नाव सगळ्यांना माहीत असतं आणि तरी चित्रात फक्त एक गुडघा वाकवून ठेवतात, वरचं धड जसंच्या तसं सरळ. तसं होत नाही. ज्या पायावर वजन आहे त्या बाजूचं कंबरेचं हाड वर ढकललं जातं, मोकळ्या बाजूचं खाली येतं. मग तोल सांभाळायला खांदे उलटे कलतात, वजनाच्या बाजूचा खांदा खाली. म्हणजे त्या बाजूला बरगडी आणि कंबर एकमेकांजवळ येऊन कुशीत घडी पडते, दुसरी कूस ताणली जाते. गुडघ्यांची रेघही कंबरेच्याच दिशेने कलते, मोकळा गुडघा खाली.

कागदावर करायचं असं. आधी वजनाच्या पायाचा घोटा कुठे येणार तिथे खूण करा. तिथून सरळ वर ओळंब्याची रेघ न्या. गळ्याच्या मधली खाच, दोन हसळ्या मिळतात तिथली, ही या रेघेवर किंवा अगदी जवळ हवी. मग खांद्यांची तिरकी रेघ, कंबरेची तिच्या उलट तिरकी रेघ, गुडघ्यांची रेघ. एवढ्या पाच-सहा रेघांत देवी उभी राहिली पाहिजे. नाही राहिली तर पुढे जाऊ नका, पुसा, फुकट जाणारा चारकोल दोन पैशांचा पण नसतो.

व्हीनस दी मायलो बघा, १८२० मध्ये मिलोस बेटावर सापडलेली, आता लूव्हरमध्ये आहे. उजव्या पायावर भार, डावा गुडघा पुढे. तिला हात नाहीत, तरी तोल कुठेही बिघडल्यासारखा वाटत नाही, कारण तो हातांवर नव्हताच.

> तपासा: फोनने फोटो काढून आडवा आरसा करा, म्हणजे फ्लिप. आकृती एका बाजूला पडतेय असं वाटलं तर ९० टक्के वेळा गळ्याची खाच घोट्यापासून लांब गेलेली असते. डोकं सरकवून ते सुधारत नाही, अख्खं धड सरकवा.

४ : कपड्याखालचं अंग

हा टप्पा लोक सरळ गाळतात. "कपड्यात झाकणारच आहे की." झाकणार आहे म्हणूनच काढायचं. डिटेल नको, बरगडीचा अंडाकार, पेल्व्हिसचा डबा, मांड्यांचे दंडगोल, स्तनांची जागा, पोटऱ्या. स्तन बरगडीच्या गोलाईवर बसतात, थोडे बाहेरच्या दिशेला तोंड करून, आणि खांदे कलले की तेही त्याच कलात जातात. समोर दोन गोल चिकटवलेत तर कितीही छान कापड चढवा, ते गोलच दिसणार. कंबर फार बारीक करू नका, ग्रीक देवींचं धड बऱ्यापैकी भरलेलं आणि रुंद असतं, कॉर्सेट घातलेलं नसतं.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. मायकेलअँजेलोने लिबियन सिबिल या भविष्य सांगणाऱ्या बाईच्या चित्रासाठी केलेला लाल खडूचा अभ्यास मेट्रोपॉलिटनमध्ये आहे, भन्नाट आहे, पण तो पुरुष मॉडेलवरून केलेला आहे. त्याची पाठ आणि खांदे तसेच्या तसे उचलून अ‍ॅफ्रोडाइटीला लावले की काय होतं ते मी बरेचदा बघितलंय. त्याच्याकडून खांदा कसा वळतो ते घ्या, स्नायूंची यादी घेऊ नका.

५ : कापड, म्हणजे खरं काम

चुण्या सजावट म्हणून काढल्या जातात, तिथेच बिनसतं. प्रत्येक चुणी कुठून तरी लटकलेली किंवा कुठेतरी अडलेली असते. म्हणून आधी आधाराचे बिंदू शोधून त्यावर टिंबं द्या, दोन खांद्यांवरच्या पिना, कंबरपट्टा, स्तनांचा उंचवटा, मोकळा गुडघा, बस. पिनेपासून चुण्या पंख्यासारख्या सुटतात. दोन पिनांच्या मध्ये गळ्याशी झोळ पडतो. पट्ट्यावर कापड वर ओढलेलं असतं म्हणून ते फुगून पट्ट्यावरून थोडं खाली लोंबतं, आणि पेप्लॉस असेल तर वरची दुमडलेली पट्टी छातीवरून कमरेपर्यंत येते, तिची वेगळी कडा दिसते. ही कडा विसरलात की पेप्लॉसचा नाइटगाऊन होतो.

खाली दोन पायांवर दोन वेगळे कायदे. वजनाच्या पायावर कापड सरळ खाली पडतं, खांबावरच्या उभ्या खाचांसारख्या नळ्या, पाय जवळजवळ दिसतच नाही. मोकळ्या पायावर उलट, मांडी आणि गुडघा कापडाला पुढे ढकलतात, तिथे कापड ताणून चपट आणि स्वच्छ, चुण्या नाहीतच, आणि गुडघ्याच्या खालून ते सुटून मागे घोट्याकडे तिरकं जातं. कॅरिअ‍ॅटिडमध्ये हे इतकं साफ दिसतं की म्हणूनच त्या सुचवल्या. दोन्ही पायांवर सारख्या नळ्या काढल्या तर तिसऱ्या टप्प्याची सगळी मेहनत वाया.

शंका असेल तर स्वतः करून बघा. सुती मऊ डबल चादर घ्या, वरचा हातभर भाग बाहेर दुमडा, घरातल्या कुणाच्या तरी खांद्यांवर सेफ्टी पिनांनी अडकवा, कमरेला दोरी, एका पायावर वजन टाकून उभं करा, बाजूने एकच दिवा. मग त्यांना पाय बदलायला सांगा. सगळ्या चुण्या डोळ्यांसमोर जागा बदलतात, ते एकदा बघितलं की पुन्हा चूक होत नाही. कडक कांजीची चादर नको, ती मोडते, पडत नाही. कुणी तेवढा वेळ उभं राहायला तयार नसेल तर फोटो काढून ठेवा, किंवा छोट्या बाहुलीवर प्लास्टरच्या पाण्यात बुडवलेलं पातळ फडकं घाला, वाळलं की चुण्या हलत नाहीत. लिओनार्दो चिखलाच्या मूर्तीवर असंच करायचा असं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने लिहून ठेवलंय.

काढताना क्रम मोठ्याकडून छोट्याकडे.

१. आधी फक्त चार-पाच मोठ्या चुण्या, त्यांचा माथा आणि दरी.
२. मग त्यांच्या मधल्या मध्यम, आणि मध्यम सगळीकडे घालायच्या नाहीत.
३. बारीक सुरकुत्या अगदी शेवटी, त्याही पिना, पट्टा आणि कोपराजवळ. खिटॉन असेल तर बारीक चुण्या जास्त, पण तिथेसुद्धा मोठे गट आधी.
४. खालची कडा. ही सरळ रेघ नसते, नळ्यांची तोंडं दिसतात, आत-बाहेर नागमोडी. दोन घोट्यांभोवती ती लंबगोलात फिरते, त्याने आकृती जमिनीवर उभी वाटते.

चुणी म्हणजे रेघ नाही, ती उंचवटा, उतार आणि दरी अशा तीन पातळ्यांची असते. काळा सगळ्यात गडद फक्त दरीत, आणि तोही अख्ख्या दरीत नाही, जिथे ती सुरू होते तिथे गडद आणि पुढे विरत जाणारा.

ओलं, अंगाला चिकटलेलं कापड हवं असेल तर अथेना नाइकीच्या मंदिराच्या कठड्यावरची चप्पल ठीक करणारी नाइकी बघा, इ.स.पू. ४१० च्या सुमाराची, अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममध्ये आहे. तिथे अंगाच्या उंचवट्यावर चुण्या जवळपास नाहीत आणि दोन अवयवांच्या मधल्या पोकळीत दाटीवाटीने आहेत. नवशिके बरोबर उलटं करतात, मांडीवर चुण्या काढतात आणि मधली जागा रिकामी सोडतात.

> तपासा: चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि कापडातून जेवढं अंग कळतंय तेवढंच काढा. वजनाच्या बाजूची कंबर, मोकळा गुडघा, बरगडीची कड एवढं मिळालं तर कापड बरोबर. फक्त चुण्याच मिळाल्या तर चौथ्या टप्प्यावर परत.

६ : हातातल्या वस्तू आणि पंख

दोन खुणा पुरतात, सगळं कपाट ओतू नका. अथेनाला शिरस्त्राण आणि छातीवर एजिस, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या मेड्यूसाचं तोंड लावलेलं कवच. आर्टेमिसला भाता-धनुष्य किंवा हरीण. हेराला राजदंड आणि मुकुट. डिमिटरला गव्हाच्या ओंब्या, मशाल. पर्सेफनीला डाळिंब. म्यूझमध्ये गोंधळ जास्त होतो, हसरा मुखवटा थेलियाचा, रडवा मेल्पोमीनचा, गोल यूरेनियाचा, गुंडाळी क्लिओची. आणि लायर म्हणजे दोन बाहू आणि वर आडवी दांडी असलेलं छोटं वाद्य, मोठी त्रिकोणी हार्प काढू नका.

वस्तूला वजन असतं हे लक्षात ठेवा. ढाल जमिनीवर टेकलीय का हातावर आहे, भाल्यावर ती रेललीय का नुसता धरलाय, त्यावर खांदा बदलतो. म्हणून वस्तूची जागा तिसऱ्याच टप्प्यात एका रेघेने धरून ठेवा, तपशील इथे.

पंख खांद्याच्या टोकावरून निघत नाहीत, पाठीवरच्या खांदाफळ्यांपासून निघतात. त्याला हातासारखंच कोपर आणि मनगट असतं, लांब पिसं मनगटाच्या पुढच्या भागातून, मधली पिसं कोपर ते मनगट या भागातून. सॅमोथ्रेसच्या नाइकीचे पंख उतरवणार असाल तर डावा घ्या. उजवा नंतर प्लास्टरमध्ये डाव्याची आरशातली कॉपी करून बसवलेला आहे, तो मूळचा समजून त्यावरून काही शिकायला जाऊ नका.

७ : आता चेहरा

डोक्याचा कल आधीच ठरलेला आहे, बहुतेकदा वजनाच्या पायाकडे थोडा वळलेला. चेहऱ्याचे तीन सारखे भाग, केसांची सुरुवात ते भुवई, भुवई ते नाकाचं टोक, तिथून हनुवटी. बाजूने बघताना कपाळ आणि नाक जवळजवळ एका सरळ रेघेत, मध्ये खाच नाही. भुवयांची कड धारदार, डोळे आत, वरची पापणी जाड आणि तिची सावली खाली पडलेली. नाक ते वरचा ओठ अंतर कमी, हनुवटी गोल आणि भरीव. केस मध्ये भांग पाडून लाटांनी कानांवरून मागे, त्यामुळे कपाळ त्रिकोणी आणि ठेंगणं दिसतं.

हसू नको, भुवया उडवलेल्या नकोत. भाव मानेच्या कलातून येऊ द्या. आणि आजच्या हिरॉइनचे फुगीर ओठ अन् टोकदार हनुवटी हाताला सवयीने येते, त्यावर लक्ष ठेवा.

८ : शेडिंग

कागदाचा रंग हाच मधला टोन, ही एक गोष्ट पाळली तरी चित्र वाचतं. डोळे बारीक करून सावलीचा सगळा प्रदेश एकाच सपाट हलक्या चारकोलने भरा, चेहऱ्याची, कापडाची, हाताची सावली एकमेकांत मिसळली तरी चालेल. त्यानंतर सावली-उजेडाच्या सीमेवर गडद पट्टा, दऱ्या, पडछाया. परावर्तित उजेड सावलीच्या आतलाच असतो, तो उजेडाच्या भागाइतका उजळ करू नका, नाहीतर आकृती पत्र्याची वाटते.

पांढरा खडू काळ्या चारकोलवर चढवू नका, निळसर राखाडी चिखल होतो. दोघांच्या मध्ये कोरा कागद दिसलाच पाहिजे. फ्रेंच चित्रकार प्रुदॉंची निळ्या कागदावरची काळ्या-पांढऱ्या खडूची चित्रं झूम करून बघा, कागद किती ठिकाणी काम करतोय ते दिसेल.

> सावध: बोटाने घासणं बंद. बोटाचं तेल लागलं की त्या जागेवर डाग राहतो आणि खोडताही येत नाही. मऊ ब्रश किंवा कापड वापरा, आणि दर वेळी घासल्यावर कडा पुन्हा धारदार करा, सगळ्या नाही, प्रकाशाकडच्या.

फिक्सेटिव्ह (चारकोल झडू नये म्हणून मारायचा स्प्रे) मारायचं तर साधारण ३० सेंमीवरून, हलके दोन-तीन हात, मध्ये वाळू देऊन, खिडकी उघडी ठेवून. त्याने पांढरा खडू मंद पडतो, म्हणून नाकाचा शेंडा, खांदा, मोकळा गुडघा या तीन जागचे शेवटचे पांढरे ठिपके फिक्सेटिव्ह वाळल्यावरच द्या आणि त्यावर पुन्हा स्प्रे मारू नका, वर बटर पेपर टाकून सपाट ठेवा.